नोकरी सांभाळून तबला : कार्यक्रम, मैदान आणि अल्बम यांचा आठवडा कसा लावावा

बँकेत, शाळेत, दुकानात दिवस घालवून संध्याकाळी तबल्याची बॅग खांद्याला लावणारे वादक मराठवाड्यात गावोगाव आहेत. गुरुवारी भजन, शनिवारी भावगीतांचा कार्यक्रम, रविवारी कुणाचं तरी लग्न, मधेच एखाद्या सप्ताहात साथ. सकाळी मैदानावर जायचं असतं आणि ऐकायचं राहिलेलं संगीतही ऐकायचं असतं. या सगळ्यात वेळ कसाबसा निघतो. आधी थकतात ती बोटं, मग कान, आणि एप्रिल-मेमध्ये तबल्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं. म्हणून आठवडा सोमवारपासून पुढे आखू नका. आठवड्यातला सगळ्यात मोठा कार्यक्रम धरा आणि तिथून मागे या. प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा : हे कशाच्या आधी नको?

खालचं सगळं तबल्यापुरतं लिहिलं आहे. ढोलकी आणि मृदंग वाजवणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू पडेल, हार्मोनियमवाल्यांना थोडं कमी.

सुपारी घेताना

फोनवर 'येतो' म्हणण्याआधी विचारायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. कार्यक्रम उघड्यावर की सभागृहात. गाणारं कोण आणि पट्टी (गायकाचा 'सा' पेटीच्या कोणत्या सुरावर) काय. गाण्यांची यादी क्रमाने मिळेल का. सोबत आणखी कोणती तालवाद्यं आहेत. ऑक्टोपॅड असेल तर तुमचा निम्मा ठेका तिथेच वाजणार असतो, तेव्हा कुठे कोण थांबणार हे तालमीतच ठरवावं लागतं. तबल्याला किती माईक. आणि रात्री परत कसं यायचं, हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालेल, पण विसरू नका. छत्रपती संभाजीनगरहून पैठण सुमारे ५० किलोमीटर आणि जालना सुमारे ६०. ही अंतरं दिवसा किरकोळ वाटतात, रात्री शेवटची एसटी गेल्यावर वाटत नाहीत.

बोलणं झालं की लगेच व्हॉट्सॲपवर लिहून टाकावं. मजकूर साधा ठेवावा :

'नमस्कार दादा. शनिवारी संध्याकाळी ७ ते ९.३०, तबला साथ. मानधन ठरल्याप्रमाणे, अर्धं आधी, उरलेलं कार्यक्रम संपताच. तबल्याला २ माईक आणि १ मॉनिटर लागेल. गाण्यांची यादी आणि पट्ट्या बुधवारपर्यंत पाठवा. साउंड टेस्टला ५.३० वाजता पोचतो.'

(मॉनिटर म्हणजे वादकाकडे तोंड केलेला स्पीकर.) एवढ्याने निम्मे वाद टळतात. सप्ताहाचा व्यवहार वेगळा. तिथे नारळ, उपरणं आणि जे पाकीट मिळेल ते, असा रिवाज अजून बऱ्याच गावांत आहे. ते मान्य असेल तरच जा, आणि गेल्यावर कुरकुर करू नका.

उघड्यावरच्या कार्यक्रमात वेळेचा हिशेब कडक ठेवावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीच्या ठरावीक दिवशी, वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. सत्कार आणि भाषणं लांबून सातचा कार्यक्रम सव्वाआठला सुरू झाला की शेवटची चार गाणी जातात, आणि बहुतेक वेळा तीच चार गाणी तुम्ही सगळ्यात जास्त घोटलेली असतात. कोणती गाणी गाळायची हे गायकाशी आधीच ठरवून ठेवा.

वर्षाची गर्दीही माहीत असावी. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. १४ एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम, आणि ते एका दिवसात संपत नाहीत, बराच काळ चालतात. फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे देशभक्तिपर कार्यक्रम, आणि ते बऱ्याचदा गणपतीतच येतात. या आठवड्यांत तीनपेक्षा जास्त सुपाऱ्या घेतल्या तर मैदान बंद ठेवायचं, एवढा एक नियम पाळावा.

पट्टी आणि पुडी

हौशी वादकाची सगळ्यात जास्त फजिती इथे होते, म्हणून इथे सावकाश.

आठवड्यात तीन गायक म्हणजे तीन पट्ट्या. एका दायावर (जोडीतला उजव्या हाताचा तबला; डाव्या हाताचा तो डग्गा) हे भागत नाही. काळी एकसाठी (पेटीची पहिली काळी पट्टी) सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा दाया बरा पडतो. काळी चार-काळी पाच या खालच्या पट्ट्यांना पावणेसहा ते सहा इंचाचा लागतो. एक दाया आरामात अर्धा सूर वर आणि अर्धा सूर खाली जातो. त्याहून वर ओढला तर पुडी फाटायची भीती, त्याहून खाली सोडला तर 'ना' हा बोल बोदा होतो आणि 'तिं'ला आस (मागे रेंगाळणारा नाद) राहत नाही.

दोनच दाये असतील तर सुरांच्या नात्यांचा उपयोग करावा. गायिका काळी चारमध्ये गाते आणि तुमच्याकडे काळी एकचा दाया आहे, तर काही बिघडत नाही : काळी चारचा मध्यम (म) म्हणजे काळी एक. काळी पाचचा मध्यम काळी दोन. काळी तीनचा पंचम (प) काळी एक. षड्ज (सा) जमत नसेल तर पंचमात मिळवा. चालीत पंचम नसेल किंवा शुद्ध मध्यम ठळक असेल तर मध्यमात. शुद्ध मध्यम वर्ज्य असलेल्या चालीत मध्यमातला दाया सतत टोचतो, हे लक्षात ठेवून यादी पाहा. याचसाठी पट्ट्या बुधवारपर्यंत मागायच्या.

मिळवण्याचा क्रम असा :

कार्यक्रमाच्या जागी पोचताच दाया-डग्गा बॅगेतून काढून चुंबळीवर (खाली ठेवायचं कापडी कडं) ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. एसी गाडीतून उघड्या मैदानावर किंवा उन्हातून एसी सभागृहात आलेली पुडी तेवढ्या वेळात हवेशी जुळते. आल्या आल्या मिळवलेला तबला पहिल्या गाण्यातच हलतो.

सूर घ्यायचा तो त्या दिवशी वाजणाऱ्या हार्मोनियमचा. मोबाइलमधला तानपुरा अचूक ४४० हर्ट्झच्या मापावर असेल, पेटी त्याच्याहून थोडी चढी किंवा उतरती असू शकते, आणि मंचावर पेटीच जिंकते.

चाटेवर (पुडीची बाहेरची कड) 'ना' वाजवत गजऱ्याभोवती (पुडीच्या काठाची चामड्याची वेणी) सोळा घरं, म्हणजे वाद्यांमधल्या जागा, फिरा. सगळ्यात चढं घर कोणतं आणि सगळ्यात उतरलेलं कोणतं ते शोधा. सूर बराच लांब असेल तर आधी गठ्ठे (बाजूच्या वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) : वरून हातोडी मारून गठ्ठा खाली सरकवला की सूर चढतो, खालून वर सरकवला की उतरतो. आठही गठ्ठे थोडे थोडे सरकवा. एकाच बाजूचे दोन गठ्ठे ठोकले की पुडी त्या बाजूला ओढली जाते आणि मग दिवसभर घरं जुळत नाहीत. सूर जवळ आला की गठ्ठे सोडा आणि गजऱ्यावर या. गजऱ्याला वरून हलकी हातोडी मारली की चढतो, खालून मारली की उतरतो. एक घर जुळलं की त्याच्या समोरचं घर घ्या, मग काटकोनातली दोन, मग उरलेली. शेजारी शेजारी जात राहिलात तर शेवटच्या घराला पोचेपर्यंत पहिलं सुटलेलं असतं.

हातोडी फक्त गजऱ्याच्या वेणीवर पडली पाहिजे. आत अर्धा सेंटिमीटर सरकली की चाटेला चीर जाते, आणि ती चीर त्याच रात्री दिसत नाही. चार दिवसांनी दिसते.

गजरा ठोकून ठोकून खाली बसला असेल तर वर चढायला जागाच उरत नाही. अशा वेळी मंचावर जोर लावू नका. घरी आल्यावर गजरा खालून मारून वर घ्या, गठ्ठ्यांनी ताण भरा. तरीही होत नसेल तर वादी (पुडीला ताण देणारी चामड्याची पट्टी) ओढून घ्यायची वेळ आली आहे, आणि ते काम कारागिराचं.

हवा काय करते ते समजून घेतलं की आश्चर्य उरत नाही. कातडं ओलावा पितं आणि सैल पडतं, म्हणून पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या रात्री दव पडायला लागल्यावर सूर उतरतो. कोरड्या उन्हात ओलावा निघून जातो, कातडं आवळतं, सूर चढतो. पारा ४० च्या वर असताना बंद गाडीच्या डिकीत दोन तास राहिलेला, चढ्या सुरात मिळवलेला दाया फाटू शकतो. मार्चपासून जूनपर्यंत घरी ठेवतानाही गठ्ठे थोडे वर घेऊन ताण कमी करावा. मंचावरच्या हॅलोजनचीही हीच गत. दिवे लागल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा एकदा घरं फिरून पाहा.

पावसाळ्यात डग्गा लोळतो, घुमारा जातो. हेअर ड्रायर फूटभर अंतरावरून गोल फिरवत दोन-तीन मिनिटं दिला तरी फरक पडतो. शेगडीवर धरणारे अजून भेटतात, त्यांच्याकडून हे तेवढं शिकू नये. उलट उन्हाळ्यात डग्गा ठणठणीत झाला तर ओलसर तळहात लवेवरून (चाट आणि शाई यांच्या मधलं कातडं) फिरवतात. शाईला (पुडीवरचा काळा गोल) पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, शाई सुटते.

टाल्कम पावडर चिमूटभर, तीही तळहाताला. पांढरा थर बसेपर्यंत लावलेली पावडर घामाबरोबर शाईच्या बारीक चिरांत जाऊन बसते आणि आवाज मारते. कार्यक्रम संपला की कोरड्या सुती फडक्याने पुसून मगच बॅग.

सप्ताहात मृदंग वाजवणार असाल तर कणीक हा वेगळा विषय. घट्ट मळलेली कणीक डाव्या पुडीला लावायची, ती कीर्तनभर सुकत जाते आणि धुम (मृदंगाची डावी बाजू) सुरात चढत जाते. ओल्या फडक्यात थोडी जादा कणीक गुंडाळून जवळ ठेवा. कीर्तन संपल्यावर खरवडून काढा, रात्रभर तशीच ठेवली तर कातडं कुजतं.

वार कसे लावावेत

समजा शनिवारी संध्याकाळी मोठा कार्यक्रम आहे आणि गुरुवारी भजन. मागे येत जाऊ.

शनिवारी सकाळी रियाज वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. संथ 'तिरकिट', एखादा पेशकार (सुरुवातीला वाजवायची संथ रचना), यादीतल्या अवघड जागा एकेकदा. जी तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) शुक्रवारी बसली नाही ती शनिवारी सकाळी बसत नाही. गाळून साधा मुखडा (समेवर आणणारा छोटा तुकडा) वाजवा. दुपारी झोप. जेवण कार्यक्रमाआधी किमान दोन तास, हलकं. भाकरी-पिठलं चालेल, महाप्रसादाची बुंदी आणि पुरी नंतर. पोट भरून मांडी घालून अडीच तास बसलं की लय आपोआप जड होते.

शुक्रवारी हातोडी, पुडी, बॅग, पट्ट्या यांची तपासणी आणि मांडीवर हात ठेवून गाण्यांची यादी डोक्यात एकदा. हातांना सुट्टी.

गुरुवारचं भजन हाच गुरुवारचा रियाज. भजनी ठेका आणि धुमाळी, दोन्ही आठ मात्रांचे, पण वजन वेगळं. मंडळातले काका-मावश्या लय वाढवत नेतात, हे गृहीत धरून पहिला अभंग मुद्दाम थोडा खाली धरा. मंडळ लय ओढायला लागलं की त्यांच्याशी भांडायचं नाही. एक आवर्तन (तालाची एक फेरी) डग्गा दाबून साधा ठेका ठेवा, टाळ आपोआप स्थिरावतात. लग्गी (ठेक्याऐवजी जलद, खेळते बोल) प्रत्येक अंतऱ्याला उघडण्याची गरज नसते. गवळणीला ठेवून द्या.

बुधवारी तालीम. मंगळवारी खरा रियाज : दीड तास, त्यातली पहिली पंधरा मिनिटं 'धातिट धातिट धाधातिट'सारखा साधा कायदा (ठरावीक बोलांची रियाजाची रचना) मेट्रोनोमवर मिनिटाला ६० पासून. लय दर चार-पाच मिनिटांनी एक पायरी वाढवा : ७०, ८०, ९०. ज्या लयीत बोटं आखडतात तिच्या दहा खाली उरलेला रियाज करा. कोपरापासून पुढचा हात दुखायला लागला तर थांबा. 'दुखलं तरी रेटायचं' या सल्ल्याने बरेच हात महिनामहिना बसवले आहेत.

सोमवार मोकळा. रविवारी लग्न वाजवलं असेल तर अगदीच मोकळा.

मैदान

तबला वाजवणाऱ्याने खेळू नये असं नाही. अडीच तास ताठ पाठीने बसायला कंबर आणि मांड्या लागतात, त्या रियाजाने येत नाहीत. फक्त खेळ आणि वार यांची जोडी नीट जमवावी.

पळणं, चालणं आणि पोहणं आठवड्यात कधीही. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत घरी यावं. घाम फार गेला तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सायकलही चांगली, पण हॅन्डलवर तळहाताच्या कडेला दाब पडला की करंगळी आणि अनामिका मुंग्या येऊन बधिर होतात. दायावर अनामिकेचा टेका असतो, ती बधिर असताना 'ना' स्वच्छ येत नाही. दर दहा मिनिटांनी पकड बदला, आणि कार्यक्रमाच्या दिवशी लांबची फेरी नको.

बॅडमिंटनमध्ये मनगट आणि पुढचा हात दिवसभर आवळलेला राहतो, आणि तेच स्नायू रेल्याला (जलद बोलांची सलग रचना) लागतात. मंगळवारच्या रियाजाच्या सकाळी तासभर बॅडमिंटन खेळलात तर संध्याकाळी लय ९० च्या वर नेऊ नका.

क्रिकेट, व्हॉलीबॉल आणि कबड्डी हे बोटांचे शत्रू. टेनिस बॉलही बोटाच्या टोकावर आला तर सांधा सुजतो. व्हॉलीबॉलमधलं ब्लॉकिंग आणि कबड्डीतला घोट्याचा पकड तर विचारूच नका. मोठ्या कार्यक्रमाच्या आधीचे ४८ तास हे तिन्ही बंद. रविवारी सकाळी खेळा, शनिवारी सकाळी कधीच नाही. क्रिकेटमध्ये बॉलिंग चालेल, बाउंड्रीवर क्षेत्ररक्षण चालेल, ग्लोव्हजशिवाय यष्टिरक्षण चालणार नाही. मित्र चिडतील, चिडू द्या.

बोटाला मार बसलाच तर :

बोट ओढून 'बसवायचं' नाही. मैदानावर हे करायला कुणीतरी पुढे येतंच, त्याला थांबवा. अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा. बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसात तीन-चार वेळा. हात छातीच्या वर ठेवा. वाजवावंच लागलं तर दुखरं बोट शेजारच्या बोटाशी सैलसर टेप लावून बांधतात, पण दायाच्या तर्जनीला हे करून काही वाजत नाही. बदली वादक शोधा. बोट वाकडं दिसत असेल, हाडावर दाबून दुखत असेल किंवा शेवटचं पेर स्वतःहून सरळ होत नसेल, तर त्याच दिवशी एक्स-रे. शेवटचं पेर खाली लोंबकळणं म्हणजे वरचा कंडरा (पेर सरळ करणारा दोर) तुटलेला असू शकतो. त्याला सहा ते आठ आठवडे पट्टी न काढता बोट सरळ ठेवावं लागतं, आणि मधे एकदा जरी वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

कान आणि अल्बम

कानाला किती आवाज किती वेळ सोसतो याचा एक सोपा हिशेब आहे : ८५ डेसिबलला ८ तास, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. लग्नात तुमच्या कार्यक्रमाआधी डीजे असेल तर स्पीकरच्या समोर उभं राहून वाट पाहू नका. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात. चुरगळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोट ठेवायचं. कार्यक्रमानंतर कानात शीळ वाजत असेल तर दुसऱ्या दिवशी इअरफोन नाही. म्हणूनच अल्बम ऐकण्याचे दिवस सोमवार, मंगळवार आणि बुधवार.

आठवड्याला एकच अल्बम. जुन्या एलपीची (मोठी तबकडी) एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून एका बसप्रवासात मावतात. तीन वेळा ऐकायचा, तीन वेगळ्या कानांनी.

पहिल्यांदा सलग, काही न करता. गाणी उडवायची नाहीत, क्रम बदलायचा नाही.

दुसऱ्यांदा फक्त तबला. वही उघडी. प्रत्येक तुकड्याला ताल, लय, तबला कुठे आत येतो, कुठे गप्प बसतो, लय कुठे वाढते आणि कोण वाढवतं. लय मोजायची साधी रीत : १५ सेकंदांत किती मात्रा पडल्या ते मोजून चारने गुणा. विलंबित (खूप संथ) एकतालात असं मोजता येत नाही, तिथे आख्ख्या आवर्तनाचे सेकंद मोजा. बारा मात्रांना ४८ सेकंद लागले तर मिनिटाला १५ मात्रा.

तिसऱ्यांदा मांडीवर ठेका धरून. यंत्रावर वेग ७५ टक्के करता येतो आणि सूर तोच राहतो, तेव्हा अवघड तुकडा तिथे उतरवून घ्या. ब्लूटूथ हेडफोनवर मात्र सोबत वाजवू नका. आवाज कानात पोचायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही जास्त उशीर होतो. ऐकायला तो उशीर जाणवत नाही, पण मोबाइलवर स्वतःचं वाजवणं मुद्रित केलंत की सगळं मागे पडलेलं दिसतं. तारेचा हेडफोन घ्या.

सुरुवातीला १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. पहिल्या तिघांची नावं सगळ्यांना माहीत असतात. तुम्ही चौथ्याकडे कान द्या : तीन स्वरवाद्यांच्या मधे तबला किती कमी वाजवतो आणि तरी ठेका कसा डोलतो. शनिवारच्या कार्यक्रमात बासरी किंवा व्हायोलिन असेल तर हे थेट उपयोगी पडतं. दुसरा १९८७ चा 'मेकिंग म्युझिक', झाकीर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅकलॉफ्लिन आणि यान गार्बारेक यांचा. इथे डग्ग्याची मींड (दाबून ओढलेला सूर) सुराला उत्तर देते, ते ऐका. जुन्या पिढीतले तबलावादक अहमदजान थिरकवा यांची एकल वादनाची मुद्रणं मिळतील तेवढी मिळवा. ध्वनिमुद्रण जुनं असलं तरी प्रत्येक बोल सुटा ऐकू येतो. आणि भजनाला बसणाऱ्याने भीमसेन जोशींचे अभंग फक्त ठेक्यासाठी एकदा ऐकावेत. गाणं कितीही वर गेलं तरी खालचा भजनी ठेका जागचा हलत नाही.

मंचावर

साउंडवाल्याशी भांडून आजवर कुणाचा तबला चांगला वाजलेला नाही. नाव विचारा, चहा सांगा, मग माईक लावा.

दायाला डायनॅमिक माईक १० ते १५ सेंटिमीटर वर, तोंड शाई आणि चाटेच्या मधल्या भागाकडे. शाईच्या बरोबर मध्यावर धरला तर आवाज बंद आणि जाड येतो, चाटेवरच धरला तर कर्कश. डग्ग्याला दुसरा माईक तेवढ्याच अंतरावर, तळहात आपटणार नाही अशा बाजूने. एकच माईक मिळाला तर दोन्हींच्या मधे, दायाकडे थोडा झुकवून. कंडेन्सर माईकला मिक्सरवरून ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. माईक मुका वाटला तर आधी ते बटण बघायला सांगा.

दायाच्या चॅनेलवर १०० हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा. डग्ग्याच्या चॅनेलवर तसं केलंत तर डग्गाच गेला. घुमत असेल तर माईक जवळ आणू नका, कारण जवळ गेला की खर्ज आणखी वाढतो. थोडा दूर करा. मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीमागे, म्हणजे तुमच्यासमोर ठेवला की शीळ कमी येते, कारण असे माईक मागून सगळ्यात कमी ऐकतात. मॉनिटरमध्ये तबला मागू नका. पेटी आणि गायक मागा.

साउंड टेस्टला पहिल्या गाण्याचा मुखडा आणि यादीतलं सगळ्यात जोरकस गाणं, एवढं पुरे. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर दिवे आणि साउंड वेगळ्या लाइनवर आहेत का ते विचारा. एकाच लाइनवर असले की दिवे मालवताना तबल्याच्या माईकमध्ये गुरगुर ऐकू येते.

बॅगेत

हातोडी, आणि गावोगाव फिरणाऱ्याने दुसरी हातोडी. दोन चुंबळी, सुती फडकी दोन, पावडरचा छोटा डबा, टेप, इअरप्लग, टॉर्च, गाण्यांची यादी मोठ्या अक्षरांत छापलेली. मोबाइलवरची यादी स्क्रीन बंद झाली की संपली.

एसटीने जाताना बॅग वरच्या रॅकवर किंवा मागच्या डिकीत टाकू नका. मांडीवर डग्गा आणि पायाशी दाया, दाया उताणा नको. पावसात कापडी बॅगेच्या आत आधी प्लॅस्टिकची पिशवी, पण घरी आल्याबरोबर ती काढा, नाहीतर आतला ओलावा आतच मुरतो.

घरची तयारी म्हणून काळी एकची एक जादा पुडी बांधून ठेवलेली असावी. मंचावर पुडी फाटली तर ती चढवायला वेळ नसतोच. त्या क्षणी दुसरा दाया घ्या, मध्यम किंवा पंचम जुळतोय का ते एका 'ना'त पाहा, आणि जुळत नसेल तर उरलेलं गाणं डग्ग्यावर आणि दायाच्या बंद बोलांवर काढा. 'ते', 'टे', 'कत्' यांना सूर नसतो. लोकांच्या लक्षात येत नाही, गायकाच्या येतं, त्याला नजरेने सांगा. फाटलेली पुडी रविवारीच कारागिराकडे पोचवा. लग्नसराईत त्याच्याकडेही रांग असते.